'पयलं' आणि 'अर्स्टव्हाइल' : जुन्या काळाला म्हणायचं काय?

कोल्हापूरबद्दल इंग्रजीत लिहिलेलं काहीही वाचायला घ्या. हॉटेलची माहिती, पर्यटनाचा ब्लॉग, राजवाड्याच्या फोटोखालची ओळ, निवडणुकीची बातमी. दोन-तीन परिच्छेदांत एक शब्द हमखास येतो : अर्स्टव्हाइल. अर्स्टव्हाइल प्रिन्सली स्टेट, अर्स्टव्हाइल रूलर, अर्स्टव्हाइल रॉयल फॅमिली. आपल्यापैकी बहुतेकांनी हा शब्द कधी तोंडाने उच्चारलेला नसतो. शाळेच्या पुस्तकात तो भेटला नाही, सिनेमात ऐकला नाही, मित्राला मेसेज करताना लिहिला नाही. तरी अर्थ विचारायची वेळ येत नाही. 'पूर्वीचं' असं काहीतरी, पण जरा भरजरी. एवढं कळतं आणि आपण पुढे सरकतो.

हा लेख त्या भरजरीपणाबद्दल आहे. गेलेल्या काळासाठी वापरायचे इंग्रजीतले जुनाट शब्द, त्यांच्या शेजारी बसणारे आपले मराठी शब्द, आणि या शब्दांमुळे भूतकाळाचं नेमकं काय होतं, याबद्दल. शब्द जुना की नवा हा प्रश्न त्यात दुय्यम आहे. आपण कोणाच्या जुन्या काळाला कोणता शब्द देतो, हे पाहणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

राजाला 'माजी' म्हणता येत नाही

इंग्लंडमध्ये आज 'अर्स्टव्हाइल' लिहिणारा माणूस एकतर थोडा मिश्कील असतो किंवा थोडा पोशाखी. भारतीय इंग्रजीत मात्र तो रोजच्या कामाचा शब्द आहे. याचं कारण भाषेत कमी आणि इतिहासात जास्त सापडतं. १९४७ नंतर साडेपाचशेच्या वर संस्थानं भारतात विलीन झाली. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झालं. सत्ता गेली, पदव्या आणि तनखे काही काळ राहिले. पुढे १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखे दोन्ही संपले. आता या माणसांना, या प्रदेशांना म्हणायचं काय? 'एक्स' लावावं तर तो एक्स-सर्व्हिसमनसारखा ऐकू येतो. 'लेट' लावावं तर माणूस जिवंत. 'फॉर्मर' सरळ आहे, पण त्याला मान नाही. सत्ता नसलेल्या माणसाला मान देणारं एक विशेषण हवं होतं. इंग्रजीच्या माळ्यावर 'अर्स्टव्हाइल' धूळ खात पडला होता, तो आपण खाली उतरवून पुसून घेतला.

मराठीत हीच अडचण वेगळ्या तऱ्हेने येते. आपल्याकडे 'माजी' आहे. हा मूळचा अरबी शब्द. अर्थ 'होऊन गेलेला'. पण मराठीत तो राजकारणाला चिकटला. माजी आमदार, माजी नगरसेवक, माजी सभापती. कोल्हापुरात कुणी 'माजी महाराज' म्हणून बघावं! वाक्य पुरं व्हायच्या आत समोरचा वळून बघेल. त्यामुळे मराठीत आपण विशेषणच गाळतो आणि नुसतं 'महाराज' म्हणतो. जुना काळ दाखवायचा असेल तर 'संस्थानकालीन' म्हणतो, म्हणजे राजाला सोडून काळाला विशेषण लावतो. २०२४ साली छत्रपती घराण्याचे वंशज कोल्हापुरातून लोकसभेवर निवडून गेले. इंग्रजी बातमीला त्यांच्यासाठी विशेषण शोधावं लागलं, मराठी प्रचाराला लागलं नाही. तिथे 'महाराज' पुरेसं होतं. म्हणजे इंग्रजी शब्द काळ संपल्याची निदान नोंद तरी करतो. आपला मराठी आदर ती नोंदही करत नाही. भाषेची चांगली-वाईट बाजू अशी एकदम ठरवता येत नाही ती यामुळेच.

भरजरी शब्दाच्या आत एक शेतकरी

'अर्स्टव्हाइल' उकलून पाहिला की गंमत कळते. त्याचे दोन भाग : अर्स्ट आणि व्हाइल. व्हाइल म्हणजे वेळ. अर्स्ट हे जुन्या इंग्रजीतल्या 'आधी' या अर्थाच्या शब्दाचं शेवटच्या पायरीचं रूप; म्हणजे 'सगळ्यात आधी', 'पहिलं'. एकूण अर्थ, 'पहिल्या वेळचं'.

आता करवीर, कागल, राधानगरी, कुठल्याही तालुक्यातल्या म्हाताऱ्या माणसाशी बोला. 'पूर्वी' हा शब्द क्वचित येईल. येईल तो 'पयलं'. 'पयलं हितं उसाचं एवढं न्हवतं.' 'पयलं यस्टी दिवसातनं एकदाच यायची.' हे 'पयलं' क्रम सांगत नाही, काळ सांगतं. पहिला, दुसरा, तिसरा यातलं ते नाही. ते 'पूर्वी' आहे. म्हणजे इंग्रजीने 'अर्स्ट'मध्ये जे केलं तेच कोल्हापुरी बोलीने 'पयलं'मध्ये केलं. 'सगळ्यात आधी' या अर्थाचा शब्द उचलला आणि गेलेल्या सगळ्या काळावर पांघरला.

'योर' हा शब्दही असाच. 'डेज ऑफ योर' म्हटलं की डोळ्यांसमोर किल्ले, मशाली, घोडे येतात. पण हा शब्द बहुधा 'वर्ष' या साध्या शब्दाच्याच कुळातला आहे. 'व्हायलम' नावाचा आणखी एक मेलेला शब्द आहे, 'एके काळचा' या अर्थाचा. तो त्याच 'व्हाइल'चं, म्हणजे वेळेचं, जुनं विभक्तिरूप. यातला एकही शब्द जन्माने भारदस्त नव्हता. ही शेतात, बाजारात बोलली जाणारी माणसांची भाषा होती. बोलणारे बदलले, शब्द मागे राहिले, आणि वापरात नसल्यामुळे त्यांना प्रतिष्ठा आली. माळ्यावरच्या तांब्याच्या हंड्याला दिवाणखान्यात जी प्रतिष्ठा येते, तीच.

'पयलं' अजून वापरात आहे, म्हणून त्याला प्रतिष्ठा नाही. कॉलेजात आलेला मुलगा पहिल्या सहा महिन्यांत 'पयलं' सोडतो आणि 'पूर्वी' धरतो. दोन्ही शब्द एकच काम करतात. फरक एवढाच की एक बोलला की गाव कळतं, दुसरा बोलला की शिक्षण कळतं. इंग्रजीतला 'अर्स्ट' आपल्याला उंची वाटतो आणि त्याचा हा सख्खा मराठी भाऊ गावठी. ही आवडनिवड शब्दाच्या अर्थातून आलेली नाही.

पुढे की मागे?

काळाच्या शब्दांत दिशा लपलेली असते. 'मागे एकदा आलो होतो', 'पुढच्या वर्षी येऊ' असं आपण म्हणतो. भूतकाळ पाठीमागे, भविष्य समोर. सोपं आहे. पण 'पूर्वी'कडे बघा. 'पूर्व' म्हणजे आधीचा, आणि समोरचाही. सूर्याकडे तोंड करून उभं राहिलं की समोर येते ती पूर्व दिशा. म्हणजे 'पूर्वी' या शब्दात गेलेला काळ तोंडासमोर आहे. इंग्रजीच्या 'बिफोर'मध्येही 'फोर' म्हणजे पुढची बाजूच आहे.

दोन्ही दिशा आपण एकाच दिवसात, एकाच वाक्यात वापरतो आणि गोंधळत नाही. 'परवा' तर दोन्हीकडे चालतो : 'परवा आला होता' आणि 'परवा येईल'. क्रियापद आलं की कळतं कोणता परवा.

हे नुसतं व्याकरणातलं कोडं नाही. जुन्या काळाकडे बघायच्या दोन तऱ्हा यात आहेत. 'मागे' म्हटलं की तो काळ सुटला, आपण पुढे निघालो. 'पूर्वी' म्हटलं की तो समोर उभा आहे, कारण झालेलंच तेवढं दिसतं. न झालेलं कोणाला दिसलं आहे? आणि तिसरी तऱ्हा कहाण्यांची. 'आटपाट नगर' म्हटलं की ना साल, ना जिल्हा, ना तालुका. ते नगर कुठल्याच नकाशात नाही, म्हणून तिथल्या राजाला कुणी हिशोब विचारत नाही.

आजची अडचण इथेच सुरू होते. खऱ्या गावाबद्दल, खऱ्या सालाबद्दल बोलताना आपण हळूच आटपाट नगराचा सूर लावतो.

जुनं दिसणारं नवं फर्निचर

लंडनमध्ये वॉर्डर स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे जुन्या फर्निचरची दुकानं होती, आणि जुन्यासारखं दिसणारं नवं फर्निचरही तिथे विकलं जाई. त्यावरून ऐतिहासिक कादंबऱ्यांतल्या बनावट जुन्या इंग्रजीला 'वॉर्डर स्ट्रीट इंग्लिश' असं टोपणनाव पडलं. वॉल्टर स्कॉटच्या 'आयव्हॅन्हो'नंतर इंग्रजीत या फर्निचरचा धंदा जोरात चालला. पात्रं कुठल्याच शतकात बोलली गेली नाही अशी भाषा बोलू लागली. अधूनमधून एखादा 'योर', एखादा 'अर्स्ट' पेरला की वाचकाला वाटे, आपण मध्ययुगात आहोत.

आपल्याकडे हा धंदा कसा आला हे पाहण्यासारखं आहे. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून रा. भि. गुंजीकरांच्या 'मोचनगड'चं नाव घेतलं जातं, साल १८७१. मग हरि नारायण आपटे आले. आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या परंपरेतली दोन मोठी नावं आली ती कोल्हापूर जिल्ह्यातून. 'स्वामी' आणि 'श्रीमान योगी' लिहिणारे रणजित देसाई चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे. 'मृत्युंजय' लिहिणारे शिवाजी सावंत आजऱ्याचे. 'ययाति' लिहिणारे वि. स. खांडेकर राहायला कोल्हापुरात. इतिहास-पुराणातला काळ मराठी घराघरांत पोचवण्याचं काम या एका जिल्ह्याने जितकं केलं, तितकं क्वचितच दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याने केलं असेल.

या पुस्तकांचं ऋण मोठं आहे. हजारो लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा सलग वाचलेलं जाड पुस्तक यांपैकी एक असतं. पण यांतून एक भाषा तयार झाली, आणि पुस्तकांपेक्षा ती भाषा जास्त पसरली. संथ, संस्कृत शब्दांनी भारलेली, प्रत्येक वाक्यानंतर थोडी थांबणारी. पुढे ती मालिकांत गेली, सिनेमांत गेली, आणि आता तीस सेकंदांच्या रीलमध्ये ढोल-ताशाच्या पार्श्वभूमीवर ऐकू येते. आज 'शिवकालीन' म्हटलं की आपल्या कानाला हीच भाषा अपेक्षित असते.

सतराव्या शतकाची खरी मराठी अशी नव्हती. सभासदाची बखर त्या शतकाच्या अखेरीची. ती वाचायला घेतली की पहिला धक्का हा बसतो की वाक्यं तोकडी, घाईची, कामाची आहेत. आणि दुसरा धक्का फारसी-अरबी शब्दांचा. मुलूख, रयत, फौज, कारकून, हवालदार. महाराजांनी राज्यव्यवहारकोश तयार करवून घेतला तो कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. पण असा कोश लागतो याचाच अर्थ, रोजच्या कामात ते शब्द चालत होते. तारखा तर आणखी मजेच्या. पेशवाईतल्या पत्रांवर सुहूर सन असे आणि त्याचे आकडे अरबी शब्दांत लिहीत. पानिपतचं साल ११६१, ते 'इहिदे सितैन मया व अलफ' : एक, साठ, शंभर आणि हजार. पानिपतावर लढणाऱ्या मराठी सैन्याचा काळ त्यांच्या स्वतःच्या कागदांत अरबीतून मोजला जात होता.

आजही काळाबद्दल बोलताना आपण त्याच पेटीतले शब्द काढतो. साल, तारीख, जमाना, माजी. 'हल्ली' हा तर इतका घरगुती शब्द, तोही अरबी 'हाल'वरून आलेला. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवणाऱ्या माधव जूलियनांचं उदाहरण यात बोलकं आहे. फारसी-मराठी कोश तयार करणारा हा माणूस पुढे भाषाशुद्धीचा पुरस्कर्ता झाला आणि १९३८ साली 'भाषाशुद्धिविवेक' लिहिता झाला. एकाच माणसात मराठीच्या दोन ओढी होत्या. ओढ असायला हरकत नाही. हरकत आहे ती शुद्ध केलेली भाषा जुनी म्हणून विकायला. भाषाशुद्धी ही विसाव्या शतकातली इच्छा. ती सतराव्या शतकाच्या तोंडी घातली की त्या शतकातली माणसं पुसली जातात. मग त्या काळात कोणी उधारी केली नाही, कोणाच्या पोटात दुखलं नाही, कोणी शेजाऱ्याशी बांधावरून भांडलं नाही. सगळे नुसते शपथा घेत उभे.

१९८७ सालची दोन पुस्तकं

याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागलच्या आनंद यादवांचं 'झोंबी' १९८७ साली आलं. शाळा शिकू पाहणाऱ्या एका शेतकरी पोराची ही आत्मकथनात्मक कादंबरी. शिक्षणासाठी त्याला झुंजावं लागतं ते आधी घरात, बापाशी. हाही जुना काळच आहे. संस्थान होतं तेव्हाचा आणि ते गेलं त्या सुमाराचा. पण इथे काळ संस्थानच्या नावाने मोजला जात नाही. तो मोजला जातो पेरणीने, पाण्याच्या पाळीने, चुकलेल्या शाळेने. राजवाड्यापासून काही मैलांवर तोच काळ असा दिसत होता. त्याला 'डेज ऑफ योर' म्हणून बघा. शब्द चिकटतच नाही.

त्याच वर्षी लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' आलं. लातूरकडचं हे आत्मकथन. ज्या समाजावर इंग्रजांनी जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला, त्या समाजातल्या मुलाचं. हा शिक्का कायद्याचा होता : १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या अधिकारात या जमातींना द्यावी लागणारी हजेरी बंद केली होती. देशभरचा कायदा मात्र १९५२ मध्ये रद्द झाला. मग या लोकांना म्हणायचं काय, हा प्रश्न आला. मराठीत 'विमुक्त' म्हणायचं ठरलं. सरकारी इंग्रजीत मात्र बराच काळ 'एक्स-क्रिमिनल ट्राइब्ज' असं लिहिलं जाई.

इथे थांबून दोन्ही शब्द शेजारी ठेवायला हवेत. दोघांचाही कोशातला अर्थ 'पूर्वीचा'. राजघराण्याला लागला तो 'अर्स्टव्हाइल', आणि तो दागिन्यासारखा शोभला. सत्ता गेली तरी तिची चमक त्या शब्दाने राखून ठेवली. विमुक्तांना लागला तो 'एक्स', आणि त्याने डाग राखून ठेवला. कायदा गेला तरी 'क्रिमिनल' हा शब्द प्रत्येक कागदावर पुन्हा छापला गेला, फक्त आधी दोन अक्षरं जोडून. गेलेला काळ एकाला वारसा म्हणून मिळाला आणि दुसऱ्याला आरोप म्हणून. दोन समाजांसाठी 'पूर्वी' हा शब्दसुद्धा सारखा नसतो, याचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

सुवर्णकाळ कोणाचा?

'संस्थानच्या वेळी', 'महाराजांच्या वेळी' हे कोल्हापुरात अजून रोज ऐकू येतं. यातल्या 'महाराज' या शब्दाने बहुतेक वेळा शाहू महाराज अभिप्रेत असतात. आणि त्यांच्या काळाला आपण 'सुवर्णकाळ' म्हणतो. तसं म्हणायला कारणं भरपूर आहेत. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा आदेश काढला. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करण्याचा निर्णय घेतला. १९२० च्या मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाचं जाहीर स्वागत केलं. राधानगरीचं धरण बांधायला घेतलं. ६ मे १९२२ रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ते गेले.

आता ही यादी पुन्हा वाचा आणि विचारा : राखीव जागांचा आदेश का काढावा लागला? शिक्षणाची सक्ती का करावी लागली? हजेरी बंद का करावी लागली? प्रत्येक आदेशाच्या आधी एक 'पयलं' आहे, आणि ते सोन्याचं नाही. त्यात नोकऱ्या मोजक्या जातींच्या हातात आहेत, शाळेची पायरी बंद आहे, पाणवठा वेगळा आहे. 'सुवर्णकाळ' हा गुळगुळीत शब्द लावला की शाहू महाराज ज्याच्याविरुद्ध उभे राहिले तेच चित्रातून गळून पडतं. उरतो एक दयाळू राजा, फेटा, हत्ती आणि जुना राजवाडा. गौरव केल्यासारखं दिसतं, पण त्यांचं सगळ्यात मोठं काम आपण पुसून टाकलेलं असतं. त्यांना जुन्या काळाचं प्रतीक बनवणं ही तर उलटीच गोष्ट झाली. ते आपल्या काळातल्या जुनेपणाशी भांडत होते.

म्हणून मला 'जुनं कोल्हापूर' नावाच्या पेजेसबद्दल तक्रार आहे, आणि ती त्यातल्या फोटोंबद्दल नाही. ते फोटो अनमोल आहेत. कुणाच्या तरी ट्रंकेतून निघालेले, स्कॅन केलेले, फुकट वाटलेले. तक्रार खालच्या ओळीबद्दल आहे. 'काय ते दिवस होते!' कोणते दिवस? साल कोणतं? फोटोत उभा असलेला माणूस कोण, आणि फोटोच्या चौकटीत यायची परवानगी कोणाला नव्हती? फोटो पुरावा असतो. ओळ त्याला आटपाट नगरात नेऊन सोडते.

मेलेल्या माणसाची बारा नावं

इंग्रजी जुनाट शब्दांना झोडपून मराठीला हार घालणं सोपं आहे, आणि खोटंही. पण एका बाबतीत मराठी इंग्रजीपेक्षा खरोखर बारकाईने वागते. गेलेल्या माणसासाठी इंग्रजीत एकच शब्द पुरतो : लेट. कोणी गेला, लेट. मराठी पेपरातलं पुण्यस्मरणाचं पान उघडा. कैलासवासी आहेत, वैकुंठवासी आहेत, पैगंबरवासी आहेत, ख्रिस्तवासी आहेत, कालकथित आहेत, स्मृतिशेष आहेत. प्रत्येक माणूस आपल्या श्रद्धेनुसार वेगळ्या गावाला गेलेला. 'कालकथित' लिहिणारं बौद्ध कुटुंब जाणूनबुजून कैलास आणि वैकुंठ दोन्ही नाकारतं. एका शब्दात ते सांगतं की आमचा माणूस तुमच्या स्वर्गात गेलेला नाही.

हा एक शब्द जे करतो ते 'सुवर्णकाळ' करत नाही. तो कोणाचा माणूस, कोणत्या वाटेचा, हे सांगतो. गेलेल्या माणसाबद्दल आपली भाषा इतकी नेमकी होऊ शकते, तर गेलेल्या काळाबद्दल का नाही?

मग लिहायचं काय?

'अर्स्टव्हाइल' वापरूच नये असं मी म्हणणार नाही. शब्दांवर बंदी घालून भाषा सुधारत नाही. उलट त्याचा मूळ अर्थ माहीत असेल तर तो जास्त आवडेल, कारण त्याच्या आत आपलं 'पयलं' बसलेलं आहे. पण तो लिहिताना, किंवा 'त्या काळी', 'गतवैभव', 'संस्थानकालीन' लिहिताना, शेजारी एक साल लिहायची सवय लावून घेता येईल. १९०२ आणि १९४८ दोन्ही संस्थानकालीन; पण दोन्ही वर्षांतलं कोल्हापूर एक नव्हे. साल लिहिलं की लगेच पुढचा प्रश्न येतो : त्या साली कोणाचं काय चाललं होतं? हा प्रश्न भरजरी शब्द येऊ देत नाही. म्हणूनच तो सोयीचा वाटतो.

आणि गावातल्या शब्दांकडे जरा आदराने बघता येईल. कोल्हापूरचं जुनं नाव करवीर. ते आज तालुक्याचं नाव म्हणून सात-बाऱ्यावर, पोलीस ठाण्याच्या पाटीवर शांतपणे नांदतं आहे. कपिलतीर्थ म्हटलं की आज भाजी मंडई. वरुणतीर्थाच्या तळ्याच्या जागी गांधी मैदान, जिथे आता सभा होतात आणि क्रिकेट चालतं. या नावांना कुणी 'हेरिटेज' म्हणत नाही, त्यांच्यावर रील निघत नाही. पण इथे पाणी होतं, ते बुजवलं, त्यावर आपण बाजार मांडला, एवढा सगळा इतिहास त्या एका 'तीर्थ' शब्दात शिल्लक आहे. पावसाळ्यात त्या भागात पाणी साचलं की कुणीतरी म्हणतंच, पयलं हितं तळं हुतं की.

त्या वाक्यात उसासा नाही, अभिमानही नाही. काय होतं, कुठे होतं आणि आता पाय ओले का झाले, एवढं मात्र त्यात आहे.